मोहोर दिसायच्या आधी दर ठरला पाहिजे

कोकणात शेतमजुरांची युनियन बांधायला निघालेल्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा कारखाना असतो. एक गेट, एक मालक, ठरलेली पाळी, एक मागणीपत्रक. इथे गेटच नाही. रत्नागिरी, राजापूर, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातला माणूस जुलैत स्वतःच्या दहा गुंठ्यांत लावणी करतो, ऑक्टोबरात दुसऱ्याचं भात कापतो, नोव्हेंबरात बागेत बेणणी म्हणजे गवत-झुडपं कापणी करतो, डिसेंबरपासून फवारणीला जातो आणि मार्च ते मे आंबे काढतो, पेट्या भरतो. मधल्या दिवसांत काजूच्या बिया गोळा करणं असतं, नाहीतर चिऱ्याची खाण. वर्षभरात त्याचे पाच-सहा मालक होतात. म्हणून इथली युनियन एका मालकाभोवती उभी राहत नाही. ती कामाच्या हंगामाभोवती उभी करावी लागते, आणि दर ठरवायची वेळ चुकली की पुढचं सगळं चुकतं.

ती वेळ म्हणजे दसरा ते दिवाळी. भात कापून होत आलेलं असतं, बागेतलं गवत माथ्यापर्यंत वाढलेलं असतं आणि बागायतदार माणसांची जमवाजमव करत असतो. मोहोर अजून फुटलेला नसतो, त्यामुळे डोकी शांत असतात. दर मार्चमध्ये मागितला तर बागायतदाराला ती अडवणूक वाटते, कारण वाशीच्या मार्केटला सुरुवातीच्या पेट्यांना जो भाव मिळतो तो आवक वाढली की उतरत जातो आणि एकेक दिवस त्याला मोजावा लागतो. ऑक्टोबरात ठरलेला दर मार्चमध्ये मोडला, तर मात्र काम थांबवण्याला गावाचा पाठिंबा मिळतो. शब्द कोणी मोडला हे सगळ्यांना दिसत असतं. ताकद मार्चमध्ये असते, पण बोलणी ऑक्टोबरात करायची असतात.

मधे आणखी एक नाजूक टप्पा येतो. डिसेंबर-जानेवारीत मळभ आलं आणि मोहोरावर तुडतुडे किंवा भुरी दिसली की फवारणी दोन-तीन दिवस मागे पडणंही परवडत नाही. या दिवसांत फवारणीवाले गडी हवा तो दर मागू शकतात. पण आमचं स्पष्ट मत असं की आधी करार झाला असेल तर ही संधी साधू नये. एकदा ती साधली की पुढच्या ऑक्टोबरात कोणी बोलणीला बसत नाही.

आता दर. "रोज किती?" एवढ्यावर बोलणी थांबली तर मजूर हरतो, कारण बागेतलं निम्मं काम रोजावर नसतं, उक्तं असतं, म्हणजे दिवसावर नाही तर झालेल्या कामावर पैसे. ग्रासकटरने बेणणी असेल तर मशीन कुणाचं, पेट्रोल आणि ऑइल कुणाचं, पातं तुटलं तर कुणी बदलायचं? कातळावर जांभा लागून पातं जातंच. मशीन मजुराचं असेल तर त्याचा दर वेगळा लिहायचा. फवारणीत २०० लिटरचं पिंप हे माप आहे. एचटीपी पंपावर (इंजिनावर चालणारा जोरदार फवारणी पंप) एक माणूस, नळी ओढायला एक, गनवर एक, आणि पाणी लांब असेल तर आणखी एक. मोठ्या कलमाला, म्हणजे आंब्याच्या झाडाला, १० ते १५ लिटर द्रावण जातं, म्हणजे एका पिंपात साधारण १३ ते २० झाडं होतात. दर झाडावर ठरवला आणि झाडं जुनी, उंच निघाली तर गडी बुडतात. दर पिंपावर ठरवला तर पाण्याची वाहतूक कुणी करायची ते लिहून घ्यावं लागतं. काढणीत दर पेटीवर की क्रेटवर? क्रेट साधारण २० किलोचा, पण पेटी चार डझनाची आहे की सहाची, यावर वेळ बदलतो. शिवाय डाग पडलेला, चीक लागलेला माल बाजूला काढून तो मोजणीतच धरायचा नाही, असं होतं. मजुरी काढलेल्या मालावर द्यायची की पास झालेल्या मालावर, हे एक वाक्य करारात नसेल तर एप्रिलमध्ये रोज वाद होतो.

मापाचा हा मुद्दा नवा नाही. १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली जमीनदारांची वेठ बंद केली. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे काम करत होते. त्या वर्षी गवत कापणीचा संप झाला तेव्हा मागणी नुसती "मजुरी वाढवा" अशी नव्हती. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, असं वजनाला बांधलेलं ते मागणं होतं. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, तरी माणसं मागे हटली नाहीत. वजन आणि रक्कम एकत्र असल्यामुळे निरक्षर माणसालाही आपल्याला किती कमी मिळालं ते कळत होतं. आजच्या दरपत्रकालाही हीच कसोटी लावा. काम संपल्यावर बाईला उभ्या उभ्या बोटांवर हिशेब करता आला पाहिजे.

उक्त्या दराची दुसरी परीक्षा म्हणजे किमान वेतन. शेतीकामासाठी राज्य सरकार किमान वेतन जाहीर करतं आणि त्यावर विशेष भत्ता वेळोवेळी बदलतो. चालू आकडा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून लेखी घ्या, कुणाच्या फोनवर आलेला जुना कागद वापरू नका. मग सरासरी हाताच्या माणसाने आठ तासांत उक्त्यावर किती कमावले ते पाहा. सगळ्यात चपळ गड्याचा आकडा धरू नका. मालक नेमका तोच दाखवतो. सरासरी कमाई किमान वेतनाखाली गेली तर तो उक्ता दरच बेकायदा आहे. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवून घेणं हे राज्यघटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी ठरते.

बायकांच्या मजुरीबद्दल वेगळं बोलायलाच हवं. गड्याचा रोज आणि बाईचा रोज यांतला फरक गावागावात इतका मुरलाय की बायकाही तो आपणहून सांगतात. बचाव ठरलेला असतो: गडी झाडावर चढतो, पंप उचलतो. ठीक आहे, मग चढण्याच्या कामाचा दर वेगळा लिहा, आणि तो जो चढेल त्याला द्या. पण बेणणी, आंबे वेचणी, प्रतवारी, पेंढा घालून पेटी भरणं, लावणी, भात झोडणी या कामांत गडी आणि बाई शेजारी शेजारी तेच काम करतात. तिथे दोन दर ठेवायला कायद्यात जागा नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यात नव्हती आणि आताच्या वेतन संहितेतही, म्हणजे मजुरीचे जुने कायदे एकत्र करून आलेल्या कायद्यातही, नाही. दरपत्रकात "गडी" आणि "बाई" असे दोन रकानेच नकोत, फक्त कामांची नावं हवीत. असा कागद पुढे ठेवला की बोलणीचा सूरच बदलतो. आणि बोलणीला जाणाऱ्या पाचांत निदान तीन बायका असाव्यात, कारण पेटी भरताना किती वेळ कुठे जातो हे त्यांनाच ठाऊक असतं.

मालक कोण, हा कोकणातला सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न. बाग मुंबईकराच्या नावावर, पाच वर्षांच्या कराराने दुसऱ्याने घेतलेली, त्याने काढणी तिसऱ्याला दिलेली, आणि माणसं जमवणारा मुकादम चौथा. पैसे अडकले की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. वेतन संहितेच्या कलम ४३ प्रमाणे कामावर ठेवणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर ज्याची आस्थापना आहे त्याच्यावर जबाबदारी येते. पण त्यासाठी बाग कुणाची, हे कागदावर असावं लागतं. सातबारा ऑनलाइन निघतो. हंगामाच्या सुरुवातीलाच गट नंबर लिहून उतारा काढून ठेवा. मेमध्ये भांडण झाल्यावर गट नंबर कुणी सांगत नाही.

इथेच आणखी एक गोष्ट. पन्नास कलमांचा धनी, जो स्वतः घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन झाडाखाली उभा राहतो आणि शेजाऱ्याकडे पैऱ्याने, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला, जातो, तो आणि दोन हजार कलमं कराराने घेणारा व्यापारी हे एकच नाहीत. पहिल्याने बहुतेक वेळा दलालाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि त्याचा पैसा माल विकून पट्टी (दलालाकडचा विक्रीचा हिशेब) आल्यावरच हलतो. त्याला दर तोच लावा, पण चुकतं करण्याची मुदत आठवड्याऐवजी पंधरवडा द्या. मोठ्या कंत्राटदाराला ही सवलत नको. युनियनने लहान बागायतदाराला शत्रू केलं की गाव दुभंगतं आणि फायदा तिसऱ्याचा होतो.

पुराव्याचं काम वही करते. प्रत्येक सभासदाकडे एक छोटी वही, तिच्यात रोज पाच गोष्टी: तारीख, बागेचं नाव, काम, किती तास किंवा किती नग, किती पैसे मिळाले. मालक सही करत नाही, करणारही नाही. त्याने बिघडत नाही. कामाला बोलावल्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका, पैसे यूपीआयवर आले तर नोंद राहू द्या, आणि शक्य तेव्हा पंपाजवळ, पेट्यांजवळ फोटो काढा. दहा जणांच्या वह्यांत एका तारखेला एकच बाग आणि एकच काम निघालं की तो भक्कम पुरावा होतो. वह्या शेवटी एका बैठकीत भरल्या तर मात्र त्या कुचकामी. सारखी शाई, सारखं अक्षर पाहून समोरचा वकील त्या पाच मिनिटांत उडवतो. दर रविवारी वाडीत एकत्र बसून आठवड्याची नोंद तपासायची शिस्त लावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहिली तरी चालते, पण त्याच संध्याकाळी.

वेतन संहितेखाली कमी मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि सभासदाच्या वतीने नोंदणीकृत युनियनही तो दाखल करू शकते. कलम ५९ प्रमाणे पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. दिल्याची पावती त्याच्याकडे नसते, हीच त्याची अडचण. दावा ऐकणारा प्राधिकारी थकीत रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. रोजंदारीवर बोलावून मालकाने स्वतःहून अकरा वाजता घरी पाठवलं, तर नियमात दिलेले अपवाद सोडून पूर्ण दिवसाची मजुरी लागू होते. "दोन वेळचं जेवण देतो ना" हे उत्तर मान्य करू नका. जेवण ही कोकणातली चांगली रीत आहे, ती राहू दे, पण मजुरी पैशात मोजायची.

नोंदणीचं काम वाटतं तितकं अवघड नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेला, तरी मूळ सांगाडा तोच आहे. अर्जावर सात सभासदांच्या सह्या लागतात आणि १० टक्के किंवा १०० कामगार, यांतली कमी संख्या सभासद असावी लागते. विखुरलेल्या शेतमजुरांचे १० टक्के कशाचे काढायचे यावर कार्यालयात वाद होतो, म्हणून सरळ १०० जणांची यादी घेऊनच जा. नाव, वय, पत्ता, काम आणि सही किंवा अंगठा. सोबत स्थापनासभेचं इतिवृत्त, पदाधिकाऱ्यांची यादी आणि घटना. घटनेत उद्देश, वर्गणी, निधी कशावर खर्च होईल, पदाधिकारी कसे निवडायचे आणि काढायचे, हिशेबतपासणी, घटनादुरुस्ती आणि विसर्जन ही कलमं नसतील तर अर्ज परत येतो. असंघटित क्षेत्रात निम्मे पदाधिकारी तरी प्रत्यक्ष काम करणारे हवेत. बाहेरचे वकील, शिक्षक, निवृत्त कर्मचारी उरलेल्या जागांवर चालतात, पण खजिनदार मजूरच असावा असा आमचा आग्रह आहे.

नोंदणी मिळाल्यावर बऱ्याच युनियन कुठे मरतात? वार्षिक विवरणपत्रात. हिशेब वेळेवर दिला नाही की नोंदणी रद्द होऊ शकते, आणि मग ऐन दाव्याच्या वेळी मालकाचा वकील तेवढंच बोट ठेवतो. पहिल्याच दिवशी पावतीपुस्तक छापा, बँकेत खातं काढा, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं करा.

वर्गणी किती? जुन्या कायद्यात ग्रामीण मजुरासाठी वर्षाला किमान १ रुपया होती. त्यात पावतीपुस्तकही छापून होत नाही. कामाच्या आठ महिन्यांत महिना ५० रुपये धरले तर १०० सभासदांचे ४०,००० जमतात. खरा शत्रू पावसाळा आहे. जून ते गणपती हातात पैसा नसतो, मजूर मालकाकडून उचल घेतो, आणि ऑक्टोबरात दर मागायची वेळ येते तेव्हा तोंड बंद असतं. उचल असेपर्यंत दरपत्रक कागदावरच राहतं. मात्र युनियनच्या सर्वसाधारण निधीतून कर्ज वाटायला सुरुवात करू नका. १९२६ च्या कायद्यात हा निधी कशावर खर्च करावा याची यादी होती. त्यात खटले, संपकाळातली भरपाई, आजारपण, अपघात, बेकारी यांचे भत्ते होते, कर्जवाटप नव्हतं. कर्जासाठी त्याच बायकांचा बचतगट वेगळा ठेवा, वेगळ्या वहीत. उचलीच्या बदल्यात दुसरीकडे कामाला जायला मनाई होत असेल तर तो १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा विषय आहे, आणि त्याची तक्रार थेट तहसीलदार किंवा प्रांताकडे करायची.

संपाबद्दल थोडकंच. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या. तो कुळांचा लढा खोतांविरुद्ध, म्हणजे गावच्या जमीनदारांविरुद्ध, होता आणि त्यातून कुळांच्या संरक्षणाचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. रोजंदारीवरच्या माणसाचा संप इतका टिकत नाही. घरातल्या तांदळाचे डबे बघून दिवस ठरवा. पूर्ण काम बंद करण्यापेक्षा काढणी चालू ठेवून फक्त पेट्या भरणं थांबवलं, तर मालाची नासाडी लगेच होत नाही आणि तरी गाडी सुटत नाही. एक-दोन दिवसांत बोलावणं येतं.

सुरक्षेच्या मागण्या मजुरीच्या मागण्यांच्या खाली लिहिल्या जातात आणि बोलणीत पहिल्यांदा सोडल्या जातात. हे थांबायला हवं. हापूसचं झाड उंच, म्हणून गन वर धरावी लागते, आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटला की सगळं द्रावण तोंडावर येतं. त्यामुळे फवारणी सकाळीच, वारा सुटला की बंद, आणि बंद झाली तरी रोज पूर्ण. दर पिंपाला गनवरचा माणूस बदलायचा. हातमोजे, मास्क, चष्मा, काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे दोन जोड, साबण आणि अंघोळीचं पाणी मालकाचं. औषधाचं लेबल फाडू द्यायचं नाही. चक्कर, उलटी, घाम, डोळ्यांची बाहुली बारीक झाली तर माणसाबरोबर बाटलीही दवाखान्यात जायला हवी, कारण कुठलं विष ते कळल्याशिवाय डॉक्टरला उतारा ठरवता येत नाही.

बेणणीत आणि पाला गोळा करताना फुरसं चावतं. गमबूट आणि जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे याची माहिती, दोन्ही हंगामाआधी हवं. दोडामार्ग, बांदा भागात २०१६ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण निघाले, आणि त्याचा हंगाम म्हणजे नेमका काजूचा हंगाम. पाचोळ्यात बिया वेचायला जाण्याआधी गोचीड दूर ठेवायला हातापायांना लावायचं डीएमपी तेल, संध्याकाळी अंग तपासून गोचीड काढणं, मेलेलं माकड दिसलं तर त्या जागी काम बंद करून आरोग्य केंद्राला कळवणं. लावणीत पायाला जखम असताना चिखलात उतरणाऱ्याला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, ताप आला की वाट पाहायची नाही.

झाडावरून पडणं हा सगळ्यात मोठा अपघात. मजूर कामावर असताना मेला तर वारसांना भरपाई मिळते: मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक. चाळिसाव्या वर्षी गुणक १८४.१७ आहे. मासिक मजुरी १५,००० धरली तर ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. घरच्यांना हा आकडा ठाऊक नसतो, आणि तेराव्याला पन्नास हजार हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतला जातो. दावा दोन वर्षांत करायचा असतो. पोलिसांत नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर तो उभाच राहत नाही. "पोलिसांची कटकट नको" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मजुराच्या स्वतःच्या नावावर गुंठाभर जरी सातबारा असला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेच्या दोन लाखांसाठीही तालुका कृषी कार्यालयात अर्ज करा. ते वेगळे पैसे आहेत.

राखणीला येणाऱ्या नेपाळी जोडप्यांना सोडून केलेली युनियन अपुरी राहते. ती बागेतच राहतात, त्यांच्या कामाला तास नसतात, आणि महिन्याला फक्त खर्ची घेऊन बाकी हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. मे अखेरीस "यंदा पीकच नव्हतं" असं ऐकायला मिळतं तेव्हा परतीची गाडी ठरलेली असते, भांडायला वेळ नसतो. त्यांच्यासाठी तीन अटी लिहून घ्या. पगार दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत, त्याची चिठ्ठी दोघांच्या नावाने वेगवेगळी, आणि शेवटचा हिशेब १५ मेच्या आत. त्यांना पैसे गावी पाठवायला बँकांची भारत-नेपाळ रेमिटन्स सोय आहे, इथे खातं नसलं तरी ओळखपत्र दाखवून एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंत रोख भरता येतात. दरपत्रक नेपाळीतही छापा. लिपी एकच आहे, एखाद्या शिकलेल्या नेपाळी गड्याकडून एका संध्याकाळी भाषांतर होतं, आणि ते बागेतल्या खोपीच्या दारावर चिकटवता येतं.